ठासणीची बंदूक: मोठ्या जनावरासाठी कोणती नळी, कोणती गोळी?

वाकड-हिंजवडीत राहणाऱ्या अनेक कुटुंबांची शेती अजून गावाकडे आहे. कुणाची मुळशी-मावळात भातखाचरे, कुणाची तळकोकणात. भात पिकायला लागले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवून जातो आणि घरात ठासणीच्या बंदुकीचा विषय निघतो. कोणती घ्यावी, गोळी कोणती वापरावी? महाराष्ट्रात या प्रश्नाचे निम्मे उत्तर कायद्यातच आहे.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. नळीत आधी मोजून काळी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी किंवा छर्रे, आणि हे सगळे गजाने ठासायचे. मागे केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो आणि ठिणगी आत जाऊन बार उडतो. पुन्हा भरायला सरावलेल्या माणसालाही अर्धे-एक मिनिट लागते. जनावर तेवढा वेळ थांबत नाही, म्हणून निवड करताना पहिलाच बार पुरेसा ठरेल का, एवढेच पाहायचे.

परवाना वेगळा, परवानगी वेगळी

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच त्या कामासाठी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफल या चौकटीत बसत नाही. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. वाकडचा रहिवासी मात्र १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. आजोबांची जुनी बंदूक चालू स्थितीत असेल तर तिलाही परवाना लागतो. ‘वारशाची आहे’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे आहे.

परवाना मिळाला म्हणून शिकार करता येते, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते, म्हणजे मटण घरी नेणे हाही गुन्हाच. गवा अनुसूची १ मध्ये आहे. त्याने ऊस कितीही तुडवला तरी पिकाच्या कारणावरून त्याच्यावर गोळी चालवता येत नाही. तेव्हा इथल्या शेतकऱ्यासाठी ‘मोठे जनावर’ म्हणजे बहुतेक वेळा रानडुक्कर, फार तर विदर्भात नीलगाय.

छर्रे नव्हेत, एकच गोळी

परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका बहुधा गुळगुळीत नळीच्या असतात, अनेकदा १२ बोअरच्या. १२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी. व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, गोळीचे वजन जवळजवळ ३८ ग्रॅम. रानडुकराला ते भरपूर आहे.

चूक होते ती छर्रे भरण्यात. पोसलेल्या नराच्या खांद्यावरची कातडी इतकी जाड असते की बारीक छर्रे तिथेच अडकतात. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत जाऊन बसते आणि सकाळी गवताला निघालेल्या बाईवर धावून येते. त्यामुळे शुद्ध, मऊ शिशाची एकच गोळी भरावी. ती आत गेल्यावर पसरते. गोळी नळीपेक्षा किंचित लहान हवी, उरलेली फट सुती चिंधी भरते. चाकण-भोसरी पट्ट्यात बेअरिंगचे पोलादी छरे सहज मिळतात म्हणून तेच भरण्याचा मोह होतो. ते नळी खरवडतात आणि कातळावर आपटून कुठेही उसळतात.

गुळगुळीत नळीतून गोळी ४०-५० मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. नळीला आतून आटे असले की गोळी फिरत जाते आणि पल्ला वाढतो. १८५७ च्या काडतूस प्रकरणातली एनफिल्ड रायफल अशीच होती: १८५३ च्या नमुन्याची, ०.५७७ इंच नळीची, तोंडाकडून भरायची. अमेरिकेत आजही अशा रायफलींचा स्वतंत्र शिकार हंगाम असतो. कोलोराडोत हरणासाठी किमान ०.४० इंच, तर एल्क आणि मूससाठी ०.५० इंच नळी लागते. तिथे गोल गोळीसाठी सावकाश पिळाचे आटे निवडतात (सुमारे ६० इंचांत एक फेरा), लांबट गोळीसाठी जलद (२८ इंचांत एक). गोल गोळीचा व्यास ०.५० वरून ०.५४ इंच केला की वजन सुमारे पाव पटीने वाढते. मोठ्या जनावरासाठी जाड नळी घेतात ती यासाठी.

घेताना आणि वापरताना

बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी. नळीवर चाचणीचा शिक्का आहे ना, आत गंजाचे खड्डे नाहीत ना, केप बसते ती टोटी सैल नाही ना, हे पाहावे. पाइप जोडून केलेली गावठी बंदूक बेकायदा तर असतेच, शिवाय ती भरणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. काडतुसातली धूररहित पावडर ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. तिचा दाब ही नळी सोसत नाही. गोळी दारूवर टेकलेली हवी, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. गजावर भरलेल्या आणि रिकाम्या नळीची खूण केली की दुबार भरणेही टळते. बॅटरीच्या उजेडात चमकलेल्या डोळ्यांवर बार टाकू नये. रानडुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणातून येत असतात.

आणखी एक अडचण निवडणुकीची. आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करायला सांगितले जाऊ शकते. विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये ऑक्टोबरात, २०२४ मध्ये नोव्हेंबरात झाले, म्हणजे नेमके भात उभे असताना किंवा कापणीच्या दिवसांत. पीक संरक्षणाची बंदूक असल्यास सूट मिळावी म्हणून लेखी अर्ज वेळेत द्यावा.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते. कोकणात रात्रभर तशीच ठेवलेली नळी सकाळपर्यंत गंजू लागते, म्हणून त्याच दिवशी ती कढत पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा हात फिरवावा.