घरी भरलेले काडतूस

छर्‍याच्या बंदुकीची वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला, म्हणून कारखान्याच्या मालाला शोधलेली ती एक काटकसरीची पळवाट असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इतिहासाचा क्रम मात्र याच्या नेमका उलट आहे. बार भरणे हे मुळात बंदूक चालवणार्‍याचेच काम होते. कारखान्याने ते त्याच्या हातून काढून घेतले आणि पुढे काही पिढ्यांनी त्याच्या वारसांनी ते आपखुशीने परत घेतले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतील शिकारी ठासणीची बंदूक वापरत. दारू मापाने नळीच्या तोंडातून ओतायची, तिच्यावर नमद्याचा किंवा पुठ्ठ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे सोडायचे, ते सांडू नयेत म्हणून वर पातळ चकती बसवायची आणि शेवटी घोड्याखाली स्फोटक द्रव्याची तांब्याची टोपी चढवायची, हा सारा खटाटोप प्रत्येक बारामागे करावा लागे. पॅरिसचे बंदूककार काझिमिर लेफोशे यांनी १८३०च्या दशकात नळी मागच्या बाजूने उघडणारी बंदूक आणि तिच्यासाठी तयार काडतूस पुढे आणले, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती बंदूक इंग्लिश कारागिरांच्या नजरेत भरली आणि १८६०च्या दशकात बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूस तेथे रूढ होऊ लागले. काडतूस म्हणजे नवे काही द्रव्य नव्हते. ठासणीच्या बाराची तीच सामग्री त्याच क्रमाने पितळी बुडाच्या कागदी नळकांड्यात बसवलेली होती, त्यामुळे ज्याला ठासणी भरता येई त्याला काडतूस भरणे अवघड वाटण्याचे कारण नव्हते.

काडतुसे हाताने भरण्यासाठी शेफील्डच्या डिक्सन आणि हॉक्सली या कारखान्यांनी सुबक अवजारे बनवली. त्यांतले सर्वांत बोलके अवजार तोंड वळवण्याचे: टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचे, भरलेले काडतूस आडवे धरायचे आणि मूठ फिरवत दाब द्यायचा, की कागदाची कड आतल्या बाजूला वळून वरच्या चकतीवर घट्ट बसे. इंग्लंडमध्ये ईलीसारख्या कंपन्या रिकामी नळकांडी विकत आणि गावोगावचे बंदूककार ती भरून त्यांवर आपले नाव छापत. अमेरिकेत पूर्ण पितळी काडतुसेही चालत व ती पुनःपुन्हा भरता येत; न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या आयडियल कंपनीने भरणीच्या हातअवजारांचा धंदा तेथे नावारूपाला आणला.

भरणीला खर्‍या अर्थाने जोखीम आली ती धूरविरहित दारूमुळे. काळी दारू घनफळाच्या मापाने भरली जाई आणि तिचे एकक होते ड्रॅम, म्हणजे औंसाचा सोळावा भाग. प्रशियाचे योहान शुल्त्झे यांनी १८६०च्या दशकात लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून तयार केलेली दारू आणि तिच्या जातीच्या इतर दारू काळ्या दारूच्याच मापाने भरता याव्यात, अशा हलक्या ठेवलेल्या होत्या. नंतर आलेल्या दाट दारूंचे तसे नव्हते. जुन्या मापात त्या भरणे म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण देणे होते. तेव्हापासून घरच्या भरणीत अंदाजाला जागा उरली नाही आणि अचूक तराजू व छापील कोष्टके यांना पहिला मान मिळाला. काळी दारू मागे पडूनही अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर ‘तीन ड्रॅमइतके’ असा जोर छापण्याची रीत टिकली, हे त्या संक्रमणाचेच अवशेष होत.

१८८०च्या दशकापासून यंत्राने भरलेली काडतुसे सर्वत्र मिळू लागली. शिवाय कागदी नळकांडे दमटपणात फुगे आणि थोड्याच बारांत त्याचे तोंड पिंजून जाई, त्यामुळे घरची भरणी हळूहळू मागे सरली. तिला पुन्हा बळ देणारी गोष्ट शिकारीतून आली नाही. सिनसिनाटीचे जॉर्ज लिगॉव्स्की यांनी १८८०च्या सुमारास मातीची उडती तबकडी तयार केली, जिवंत कबुतरांऐवजी तिच्यावर नेम धरण्याच्या स्पर्धा रुजल्या आणि बंदुकीचा हिशेबच बदलला. शिकारी दिवसभरात मोजके बार उडवी, तर तबकडीच्या खेळात एकेका फेरीला पंचवीस काडतुसे लागतात आणि सरावाच्या दिवशी शंभर सहज उडतात.

कागदी नळकांड्याची उरलेली अडचण प्लॅस्टिकने सोडवली. रेमिंग्टनने १९६० मध्ये प्लॅस्टिकचे काडतूस बाजारात आणले, त्याच दशकात बोळा आणि छर्‍यांची वाटी एकत्र असलेला प्लॅस्टिकचा अखंड तुकडा आला आणि ओल न धरणारे, अनेकदा भरता येणारे नळकांडे मैदानावर अक्षरशः विखरून पडू लागले. विस्कॉन्सिन राज्यात रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये काडतुसे भरण्याचे स्वस्त हातअवजार काढले, तर त्याच राज्यातील मेव्हिल इंजिनिअरिंग कंपनीची तरफेची यंत्रे असंख्य तळघरांत आणि गॅरेजांत जाऊन बसली. अशा यंत्रात जळलेली टोपी बाहेर ढकलली जाते, नवी बसते, वर उलट्या टांगलेल्या दोन बाटल्यांतून सरकपट्टीने नेमकी दारू आणि नेमके छर्रे उतरतात, मध्ये बोळा दाबला जातो आणि शेवटी तोंडाला सहा किंवा आठ घड्या पडून ते चांदणीसारखे मिटते. छर्‍यांची पिशवी पंचवीस पौंडांची. दर काडतुसाला सव्वा औंसाहून थोडे कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश औंस छर्रे धरले तर तीत सुमारे ३५५ काडतुसे होतात. ज्याने स्वतः वजन करून भरले आहे त्याला आपल्या बाराचा धक्का आणि छर्‍यांचा पसारा कशाने बदलतो हे कळू लागते, आणि या छंदाची खरी ओढ पैशाइतकीच या जाणतेपणात आहे.

अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने विक्रीसाठी काडतुसे बनवण्याचा धंदा करणार्‍यांवर परवान्याचे बंधन घातले, स्वतःच्या वापरासाठी भरणार्‍यांवर नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे असा घरगुती छंद येथे रुजण्यास वाव राहिला नाही. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर सर्वत्र बंदी आली, कारण तळ्यांत पडलेले छर्रे दाण्यांबरोबर गिळून बदके विषबाधेने मरत. पोलादी छर्रे शिशापेक्षा कठीण आणि हलके असल्याने त्यांना वेगळी वाटी, वेगळी दारू आणि वेगळी कोष्टके लागतात. जुन्या सवयीने शिशाच्या मापाने ते भरणे धोक्याचे ठरते. स्वस्त कारखानी मालामुळे बारा बोरच्या भरणीतली बचत पुढे घटत गेली, तरी २८ बोर आणि .४१० या लहान मापांची तयार काडतुसे महाग असल्याने, चार वेगवेगळ्या मापांत नेमबाजी करणार्‍या ‘स्कीट’ या तबकडीच्या खेळातील खेळाडूंकडे तरफेची यंत्रे आजही चालू आहेत.