अ‍ॅप की वेब : एका वादाचा इतिहास

भ्रमणध्वनीवर मजकूर पोहोचवायचा तो अ‍ॅपमधून की वेबवरून, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे, अशी आमची प्रथम समजूत होती. परंतु आपल्या मंडळांच्या स्मरणिका आणि घराण्यांचे कुलवृत्तान्त आता त्याच लहानशा पडद्यावर वाचले जाऊ लागले आहेत. म्हणून या वादाचा इतिहास पाहून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. पान प्रसिद्ध करण्यास कोणाच्या अनुमतीची गरज उरली नाही आणि प्रत्येक पानास स्वतःचा पत्ता लाभला.

२००७ च्या जूनमध्ये आयफोन विक्रीस येण्याच्या सुमारास स्टीव्ह जॉब्स यांनी बाहेरच्या रचनाकारांना वेबवरच काम करण्यास सांगितले होते. वर्षभरातच धोरण पालटले. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडले ते सुमारे ५०० अ‍ॅप घेऊन. प्रत्येक अ‍ॅपला अ‍ॅपलची मान्यता लागे आणि विक्रीतील ३० टक्के वाटा कंपनीकडे जाई. तरीही अ‍ॅपची सरशी झाली, कारण त्या काळी भ्रमणध्वनीवरील वेब संथ होती. अ‍ॅप मात्र चपळ असे आणि जोडणी नसतानाही बरेच काम करी.

या लाटेस पहिला ठळक विरोध २०११ साली झाला. वर्गणीतील वाटा आणि वाचकांची माहिती यांवरून ‘फायनान्शियल टाइम्स’ने आपले अ‍ॅप अ‍ॅपलच्या दुकानातून हलवून वेबची वाट धरली. आपल्याकडे मे २०१५ मध्ये मिंत्राने संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅपवर व्यवहार ठेवला; पण २०१६ साली तिला संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. फ्लिपकार्टनेही बंद केलेले मोबाइल संकेतस्थळ नोव्हेंबर २०१५ मध्ये नव्या रूपात आणले. हे नवे रूप ब्राउझरमध्येच चाले आणि जोडणी तुटली तरी काही पाने दाखवी. दोन वाटांमधील अंतर असे कमी होऊ लागले.

वेबची वाट मात्र निर्वेध नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या नव्या कायद्याचे कारण देऊन अ‍ॅपलने तेथे पडद्यावर जोडलेली वेब-अ‍ॅप बंद करण्याचे ठरविले, आणि आक्षेप येताच १ मार्चला निर्णय मागे घेतला. फोन ज्याचा, त्याचाच शब्द अखेर चालतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

आमच्या मते पैशाची देवघेव वा प्रवासाची तिकिटे यांसाठी अ‍ॅप राहतील. जतनाची गोष्ट निराळी. २०१७ साली आयफोनची नवी प्रणाली आली आणि अद्ययावत न केलेली जुनी ३२-बिट अ‍ॅप तिच्यावर चालेनाशी झाली. याउलट सर्नने आपले आद्य संकेतस्थळ २०१३ साली मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले, आणि त्यातील साधी पाने आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. अर्थात वेबलाही राखणदार लागतो; पत्त्याचे शुल्क थकले की पान नाहीसे होते.

मोडीतील दफ्तरे कित्येक घरांत शाबूत आहेत, पण ती वाचणारे विरळा झाले. हा अनुभव गाठीशी असलेल्या आपण आपले कागद जेथे कोणालाही, कोणत्याही यंत्रावर उघडता येतील, तेथेच ठेवावेत, आणि एक छापील प्रतही कपाटात असू द्यावी.