सोपाऱ्याचा फोटो : आधी पुरावा, मग फॉरवर्ड

सोपारा स्तूपातील आठ मूर्तींचा फोटो ग्रुपवर येतो. खाली 'सम्राट अशोककालीन बुद्धमूर्ती' असे लिहिलेले असले की आपण 'जय भीम' म्हणून पुढे पाठवतो. पण बंधूंनो, हे कोणी सांगितले?

गुगल लेन्स किंवा टिनआयवर फोटो टाकला तर तो कुठे कुठे आहे ते कळते. मात्र त्यातले सर्वांत जुने पान म्हणजे मूळ स्रोत नव्हे. मूर्ती कोणाला, कधी, कशासोबत सापडल्या, तिथपर्यंत पोहोचावे लागते.

तो माग आपल्याला 1882 मध्ये नेतो. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 'बुरुड राजाचा कोट' म्हटला जाणारा ढिगारा उकरला. आतल्या दगडी पेटीत या मूर्तींसोबत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. त्यांनी सविस्तर अहवाल छापला. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय अशा या मूर्ती अभ्यासक आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे अशोकानंतर हजार वर्षांनीही सोपाऱ्यात धम्म जिवंत होता! खरी माहिती चुकीच्या ओळीपेक्षा मोठी निघाली. अशोकाचा पुरावा हवा असेल तर सोपाऱ्यातच त्याचे आठवे आणि नववे शिलाशासन सापडले आहे.

'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात बाबासाहेबांनी विरोधकांचेच मूळ ग्रंथ पुराव्याला उभे केले. आपण एका चुकीच्या ओळीने विरोधकांच्या हाती कोलीत का द्यावे?