घोड्यांतील जंतनियंत्रण

घोडे व शिंगरे यांच्या आतड्यांतील परजीवी कृमींची संख्या ऋतू, वय आणि लीद-तपासणी पाहून मर्यादेत ठेवण्याची पद्धती. चरणारा घोडा पूर्ण जंतमुक्त करणे शक्य नसते व गरजेचेही नसते.

लिदीतल्या अंड्यांपासून उबदार, दमट हवेत एक-दोन आठवड्यांत संसर्गक्षम अळ्या तयार होऊन गवतावर चढतात. म्हणून महाराष्ट्रात पावसाळा जोखमीचा. कडक उन्हात कोरड्या कुरणातील बहुतेक अळ्या मरतात.

एके काळी खरी दहशत स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस या कृमीची होती. त्याच्या अळ्या आतड्याच्या धमनीत शिरून रक्तपुरवठा तोडतात व जीवघेणा पोटशूळ होतो. १९६६ मध्ये अमेरिकेतील ड्रज व लायन्स यांनी दर दोन महिन्यांनी औषध देण्याचा क्रम सुचविला. पुढे आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक औषध आले आणि हा कृमी मागे हटला. मात्र सरसकट मात्रांमुळे लहान स्ट्राँगाइल हे कृमी फेनबेंडाझोल या औषधाला, तर शिंगरांतील गोलकृमी आयव्हरमेक्टिनला दाद देईनासे झाले. तो क्रम आता सोडलाच पाहिजे. कळपातील सुमारे २०% प्रौढ घोडेच कृमींची ८०% अंडी लिदीतून टाकतात. ते लीद-तपासणीने ओळखून त्यांनाच वारंवार औषध द्यावे.

शिंगरांची गोष्ट वेगळी. गोलकृमींची अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. पहिली मात्रा दोन-तीन महिन्यांच्या वयात, सहसा फेनबेंडाझोलची असते. जंतांनी भरलेल्या शिंगराला कृमी लुळे पाडणारे औषध दिल्यास मेलेल्या कृमींचा गुंता लहान आतडे बंद करू शकतो. तेथे पशुवैद्यकाचा सल्ला अनिवार्य आहे. कुरणातील लीद आठवड्यातून दोनदा उचलल्यास औषधाची गरज बरीच घटते.