कर्जमाफीचं पोर्टल आणि ‘कुटुंब’ नावाचा पेच: सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट म्हणजे नेमकं काय?

नागपूरहून हिंगणा रोडने निघालं की वानाडोंगरीपर्यंत इंजिनीअरिंग कॉलेजं लागतात. तालुक्यात आणखी आत गेलं की कापूस, तूर आणि संत्र्याची शेतं. कॉलेजमधल्या मुलांना फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी ‘एसआरएस’ नावाचं डॉक्युमेंट लिहावं लागतं. अनेकांना ते मार्कांपुरतं कागदकाम वाटतं. पण हे काम कच्चं राहिलं तर काय होतं, हे शेतातल्या लोकांनी अनुभवलंय. तेही कर्जमाफीच्या वेळी.

एसआरएस म्हणजे काय?

पूर्ण नाव सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन. सॉफ्टवेअरने काय करायचं, कोणासाठी, कोणत्या नियमांनी आणि कोणत्या माहितीच्या आधारे, हे कोडिंग सुरू होण्याआधी लिहून ठेवणं. यात दोन प्रकारच्या गरजा येतात. ‘अर्ज भरल्यावर पावती मिळाली पाहिजे’ ही कामाची गरज, म्हणजे फंक्शनल. ‘एकाच वेळी हजारो लोक आले तरी पोर्टल बंद पडू नये’ ही दर्जाची गरज, म्हणजे नॉन-फंक्शनल.

२०१७ मध्ये काय झालं?

२४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर केली. ३४ हजार कोटींची कर्जमाफी, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ, असं तेव्हा सांगण्यात आलं. दीड लाख रुपयांपर्यंतची माफी प्रत्येक ‘कुटुंबाला’ मिळणार होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं.

ऐकायला नियम सोपा आहे. पण सॉफ्टवेअरला तो कळणार कसा? बँकेकडे खातेदाराची नोंद असते, कुटुंबाची नसते. नवऱ्याचं कर्ज जिल्हा बँकेत आणि बायकोचं राष्ट्रीयीकृत बँकेत असेल, तर ते एकाच घरातले आहेत हे कोणत्याच बँकेला माहीत नसतं.

म्हणून शेतकऱ्यांकडून आधार क्रमांकासह ऑनलाइन अर्ज मागवले गेले. मग ते अर्ज बँकांच्या याद्यांशी जुळवायचे होते. एकाच माणसाचं नाव पासबुकावर एक, आधारवर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरंच, हे गावात नवीन नाही. माणूस ते ओळखतो, कॉम्प्युटर नाही.

१८ ऑक्टोबर २०१७ रोजी, दिवाळीत, कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटली गेली. पण त्यानंतर याद्यांमधले घोळ बाहेर आले. बँकांची माहिती आणि अर्ज जुळेनात. अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक असल्याचंही समोर आलं. पैसे जमा होण्याचं काम रेंगाळलं.

इथे उशिराची किंमत मोठी असते. जुनं खातं थकीत असेल तर बँक सहसा नवं पीककर्ज देत नाही. मग पेरणीसाठी सावकाराचं दार उरतं.

२०१९ मध्ये काय बदललं?

२१ डिसेंबर २०१९ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ जाहीर झाली. मर्यादा दोन लाखांची. सत्तेत सरकार दुसरं होतं आणि नियमही वेगळे होते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चार गोष्टी महत्त्वाच्या:

• कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला. म्हणजे बँकेत आधीच असलेली नोंद वापरता आली.
• शेतकऱ्याने अर्ज भरायचा नव्हता. बँकांनी कर्जखात्यांची माहिती पोर्टलवर टाकायची होती.
• यादीत नाव आल्यावर शेतकऱ्याने अंगठा लावून आधार प्रमाणीकरण करायचं, रक्कम बघायची. ती मान्य नसेल तर तक्रार जिल्हा समितीकडे.
• आधी छोटी चाचणी. २४ फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या यादीत ६८ गावांमधले १५,३५८ शेतकरी होते.

दोन लाखांवरचं कर्ज असलेले यात बसले नाहीत, तो प्रश्न धोरणाचा. कोणाला माफी द्यायची, हे एसआरएस ठरवत नाही. पण नियमातला एखादा शब्द तपासायला लागणारी माहिती कोणाकडे आहे आणि कोणाकडेच नाही, हे ते आधीच दाखवू शकतं.

मग गरजा गोळा कशा करायच्या?

तुमचं प्रोजेक्ट असो, ग्रामपंचायतीचं ॲप असो की सोसायटीचं, हे प्रश्न आधी विचारा:

१. नियमातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ काय? ‘शेतकरी’ म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला, की कर्ज घेतलेला?
२. ती माहिती आज कुठे आहे? रजिस्टरमध्ये, बँकेत, की फक्त गटसचिवाच्या डोक्यात?
३. मीटिंगला कोण नाही? साहेब सांगतात ते लिहा, पण सेवा केंद्रावर फॉर्म भरणाऱ्या मुलाशेजारी दोन तास बसाही.
४. माहिती चुकली तर दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत?
५. हे तपासता येईल का? ‘पोर्टल सोपं असावं’ ही इच्छा झाली. ‘अर्ज मराठीत भरता यावा आणि नेट गेलं तरी भरलेली माहिती जाऊ नये’ ही रिक्वायरमेंट झाली.

उत्तरं लिहून काढा आणि ज्यांनी दिली त्यांना वाचून दाखवा. ‘असं नव्हतं म्हणायचं मला’ हे वाक्य कागदावर असताना ऐकलं, तर एक ओळ खोडावी लागते. लाखो अर्ज भरून झाल्यावर ऐकलं, तर कोणाचा तरी हंगाम जातो.