पायांखालचे चित्र

चित्र म्हटले की ते भिंतीवर टांगावयाचे आणि हात मागे बांधून पाहावयाचे, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत होऊन बसली आहे. परंतु तुडविले जाण्यासाठीच काढलेले चित्रही असते, हे आम्हांस लोणी काळभोरास उमगले.

तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली. देहूहून निघालेली ही पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सोलापूरच्या वाटेने लोणी काळभोरास विसावते. तिच्या स्वागतास वाटेवर रांगोळ्या घातल्या जातात. पहिल्याच दिंडीच्या पावलांनी त्या पुसल्या जातात आणि त्याबद्दल कोणीही हळहळत नाही! पुढे काटेवाडीस परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो, त्यांतही हाच भाव.

ही केवळ बायकांची करमणूक, असे कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्राचे प्रकार सांगताना धूलिचित्रास स्वतंत्र स्थान दिले आहे. युरोपात कँडिन्स्कीने १९१० च्या सुमारास वस्तूंच्या आकृतींस रजा देऊन नुसत्या रेषा व रंग यांवर चित्र उभे केले, तेव्हा अमूर्त कलेचा गाजावाजा झाला. आमच्या आज्या ठिपक्यांस वळसे देऊन जाळी विणीत, तीही कशाचीच प्रतिकृती नसे. मात्र गोपद्मांसारख्या आकृतींस व्रताचा अर्थ आहे. म्हणून दोहोंस सर्वस्वी एक मानणे योग्य होणार नाही.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत बोरिस अनरेप या रशियन कलावंताने १९२८ ते १९५२ या काळात प्रवेशदालनाची फरशी रंगीत खड्यांनी जडविली. व्हर्जिनिया वुल्फ, ग्रेटा गार्बो, चर्चिल यांच्या प्रतिमांवरून प्रेक्षक आत जातात. तेथे कलावंताचे नाव राहिले आणि चित्रही राहिले. आमच्या दारी दोन्ही राहत नाहीत.

पुण्यास कै. दिनकर केळकर यांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, पाय घासावयाच्या वज्री जमवून संग्रहालय उभारले. ज्यांस कोणी कला म्हणत नव्हते, त्या वस्तू त्यांच्यामुळे वाचल्या. परंतु अशा संग्राहकासही सकाळची रांगोळी कपाटात ठेवता येणे शक्य नव्हते. तिचे भांडार एकच, ते म्हणजे काढणारीची चिमूट. आता उंबऱ्याशी चिकटविण्याची छापील रांगोळी बाजारात मिळते. ती महिनोन् महिने टिकते. पण ती चिकटविणाऱ्या घरात पुढच्या पिढीची चिमूट मात्र रिकामी राहते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. संग्रहालयांनी आपल्या प्रवेशद्वारी रोज सकाळी हातभर जागा सारवून एखाद्या जाणत्या हातास द्यावी, शेजारी मुलींबरोबर मुलांसही बसवावे आणि काढणारीचे नाव फळ्यावर लिहावे. संध्याकाळपर्यंत चित्र पुसले जाईल, ते खुशाल जावो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढता येणे, यालाच आम्ही जतन म्हणतो.