अमेरिकी यादवी युद्धाचे पुनर्दर्शन: नागरिकाचा व्यवसाय कसा निवडतात?

जुना प्रसंग त्या काळचे कपडे, वस्तू आणि कामे यांसह पुन्हा उभा करणे म्हणजे ऐतिहासिक पुनर्दर्शन. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाची अशी पुनर्दर्शने हौशी मंडळी करतात. त्यात सैनिकांइतकेच नागरिकही लागतात, कारण युद्ध घरापर्यंत पोहोचले होते. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत जेनी वेड ही २० वर्षांची तरुणी घरात पावासाठी कणीक मळत असताना गोळी लागून ठार झाली.

आधी ठिकाण आणि साल

नुसते ‘दुकानदार’ म्हणून भागत नाही. तो कुठला आणि कोणत्या सालचा, हे आधी ठरवावे लागते. उत्तरेच्या नौदलाने बंदरांची नाकेबंदी केल्यामुळे दक्षिणेत कॉफीची टंचाई झाली. लोक चिकोरी किंवा भाजलेले धान्य उकळून पीत. त्यामुळे १८६४ च्या दक्षिणेतील दुकानात कॉफीची पोती रचली, तर चित्र चुकते.

काही पर्याय

- सटलर: पलटणीबरोबर फिरून सैनिकांना किरकोळ सामान विकणारा परवानाधारक व्यापारी.
- छायाचित्रकार: रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो घेऊन धुवावा लागे. म्हणून अंधाऱ्या खोलीची गाडी सोबत असे.
- तारयंत्र चालवणारा: उत्तरेच्या लष्करी तारसेवेत बहुतेक जण नागरी नोकर होते.
- शिवणकाम करणारी: एलिझाबेथ केकली यांनी १८५५ मध्ये पैसे भरून गुलामगिरीतून सुटका करून घेतली. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवत.

प्रेक्षक प्रश्न विचारतात, हत्यारे हाताळून पाहतात. म्हणून जे काम प्रत्यक्ष करून दाखवता येईल, तेच निवडणे चांगले. हेर किंवा श्रीमंत मळेवाल्याची पत्नी होण्याचा मोह अनेकांना होतो. पण असे लोक मूठभरच होते.

पुरावा कुठे मिळतो?

१८६० च्या जनगणनेत १५ वर्षांवरील स्वतंत्र स्त्री-पुरुषांचे व्यवसाय नोंदले आहेत. एखाद्या गावात लोहार किती, शिक्षिका किती, हे त्यातून कळते. गुलामांची नोंद मात्र वेगळ्या यादीत, मालकाच्या नावाखाली होती. त्यात बहुधा त्यांचे नाव नसे आणि कामाचा रकानाच नव्हता. दक्षिणेतील स्वयंपाक, शेती, लोहारकाम, गाडी हाकणे यांतला मोठा भार त्यांच्यावरच होता. केवळ जनगणनेवरून भूमिका वाटल्या, तर हीच माणसे पुन्हा एकदा गाळली जातात. त्यांच्यासाठी पत्रे, मळ्यांचे हिशेब आणि सुटून आलेल्यांच्या आठवणी पाहाव्या लागतात.